मामांची पीस, मामीची पिसू

माझे मामा कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, आणि मामा घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात दात, आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी हिरडी असं सगळं हातानं करायचे. कामात चोख माणूस. त्यांची कवळी बसवलेली म्हातारी माणसं कडक टोस्ट चहात न बुडवता खायची. हे आधीच सांगून टाकते, कारण यापुढे मला त्यांच्याबद्दल फारसं बरं सांगता येईल असं वाटत नाही.

कारण गाडी.

तरुणपणी पाच-सहा वर्षं मामांकडे एक ब्रिटिश बनावटीची दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार होती. कंपनीचं नाव सांगत नाही. त्या बिचाऱ्यांनी गाडी केली तेव्हा ती कुणाच्या हातात पडणार हे त्यांना कुठून कळणार? बुटकी, फायबरच्या बॉडीची, वर कापडाचा टप आणि तोही बटणांनी लावायचा. वजनाला इतकी हलकी, की चार माणसं तिला उचलून बाजूला ठेवू शकायची. आणि ठेवायचीच. रस्त्यात बंद पडली की दुसरं काय करणार? मामा तिला ‘पीस’ म्हणायचे. वाऱ्यावर तरंगणारं पीस. मामी तिला ‘पिसू’ म्हणायची. का, ते तिला कधी समजावून सांगावं लागलं नाही.

मी कॉलेज अर्धवट सोडून मामांच्या हाताखाली काम शिकायला लागले, तेव्हा गाडी विकून बरीच वर्षं झाली होती. पण घरात तिचाच संसार चालू होता. कामाच्या टेबलावर, जिथे दुसरा माणूस बायको-मुलीचा फोटो लावील, तिथे पीसचा फोटो. फोटोत मामीही आहे. नाही असं नाही. डाव्या कडेला, डिकीवर टेकलेला तिचा एक हात कोपरापर्यंत दिसतो. मामा सगळ्यांना सांगायचे, “बघा, किती प्रेमानं हात ठेवलाय हिनं.”

मी एकदा मामीला विचारलं. ती भांडी पुसत होती.

“प्रेमानं कसला?” ती म्हणाली. “ढकलत होते. फोटो काढायचा म्हणून यांनी सांगितलं, जरा फ्रेमच्या बाहेर राहा.”

मामांना हलकेपणाचं वेड होतं. कवळीच्या बाबतीत ते ठीक होतं. तोंडात जड वस्तू कोण बाळगेल? पण तेच वेड त्यांनी गाडीला लावलं. सीटच्या पट्ट्यांना भोकं पाड, पायाखालच्या क्लचच्या पेडलला भोकं पाड, दाराची मूठ काढून तिथे दोरी बांध. शेवटी स्टेपनी आणि जॅकही काढून घरात ठेवले. “स्टेपनी बाळगणं म्हणजे गाडीवर अविश्वास दाखवणं,” असं ते म्हणायचे. मग चाक पंक्चर झालं की विश्वासाचा माणूस गाडीपाशी थांबायचा आणि मामी रिक्षा शोधायला जायची. बाहेर पडताना मामीनं मोठी पर्स घ्यायची नाही. छत्री घ्यायची नाही. मामी गरोदर राहिली आणि सातवा महिना लागला तेव्हा हा गृहस्थ तिच्याकडे बघून खिन्नपणे म्हणाला, “गाडी डावीकडे कलायला लागलीय गं.”

फायबरची बॉडी तडकायची. दुसरा कुणी असता तर गॅरेजमध्ये गेला असता. मामांनी घरातलंच सामान वापरलं. कवळीच्या हिरड्यांसाठी जे गुलाबी मिश्रण असतं ते कालवून त्यांनी गाडीच्या भेगा आतून बुजवल्या. बाहेरून हिरवागार रंग आणि आतून बघावं तर जागोजागी हिरड्या फुटलेल्या. मामी म्हणायची, “एक दिवस ही चावणार आहे कुणालातरी.”

आता या गाडीची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट. ती मी इतक्या वेळा ऐकली आहे, की मधूनच कुठूनही चालू करून देऊ शकेन. मामीला कळा सुरू झाल्या. सकाळची वेळ, धुकं, हात पुढे केला तर दिसत नाही. मामांनी तिला पीसमध्ये बसवलं, चोक ओढला, आणि पीस अशी गुरगुरली म्हणता! घाटाची वळणं, थंड वारा, टप उघडा. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली आणि तासाभरात मुलगी झाली. “माझी लेक जगात आली तीच स्पोर्ट्‌स कारमधून,” हे शेवटचं वाक्य. ते म्हणताना मामा हातातलं मेण कोरायचं सुरीसारखं हत्यार खाली ठेवायचे. कामाला आलेले डॉक्टर, वीजबिलवाला, पेपरवाला, कुणीही असो, गोष्ट पूर्ण ऐकल्याशिवाय सुटका नव्हती.

मामेबहीण लहानपणापासून हीच गोष्ट ऐकत वाढली. शाळेत ‘माझा जन्म’ या विषयावर तिनं हेच सांगून टाळ्या मिळवल्या. पुढे ती पोहणं शिकवायला लागली, दुसऱ्या शहरात राहायला गेली, पण वाढदिवसाला फोन केला की मामांना म्हणायची, “बाबा, धुक्यापासून सांगा.”

खरं काय ते मला मामीनं सांगितलं, आणि तेही सहज, दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी उभी असताना.

पिसू त्या सकाळी सुरू झाली नाही. धुकं होतं, तेवढं मात्र खरं. आणि हवेत जरा दमटपणा आला की त्या गाडीच्या वायरी संपावर जायच्या. मामांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, “पाचच मिनिटं. प्लग पुसतो.” मामी पिशवी घेऊन फाटकाच्या दगडावर बसली. मग म्हणाले, “आता फक्त कार्बोरेटर.” मामी उठली, चालत कोपऱ्यावर गेली. तिथे बेकरी होती आणि बेकरीवाला व्हॅनमध्ये पाव भरत होता. त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं, काही विचारलं नाही, मागचे ट्रे एकावर एक रचून जागा केली आणि तिला पोत्यांवर बसवलं. दवाखान्यात पोचल्यावर त्यानं स्ट्रेचर आणायला लावलं आणि मग पाव द्यायला निघून गेला. दुपारी मुलगी झाली. मामा दिवेलागणीला आले. हात कोपरापर्यंत काळे. नर्सनं बाळाला हात लावू दिला नाही.

“आणि तू इतकी वर्षं गप्प बसलीस?” मी विचारलं.

“काय बोलायचं?” मामी म्हणाली. “पोरीला आवडते गोष्ट. आणि त्यात माझं काय बिघडतं? मी पोचले ना.”

मला मात्र राग आला. आजही येतो.

पुढे गाडीत तीन माणसं मावेनात म्हणून ती विकावी लागली. म्हणजे मामांच्या भाषेत ‘त्याग केला’. मुलीला चार वर्षं सीटमागच्या फळीवर, सामानासारखं आडवं ठेवून फिरवलं, आणि शेवटी तिचे पाय टपाच्या बाहेर यायला लागले तेव्हा त्याग झाला. त्यानंतर गाडी बऱ्याच हातांतून गेली असणार. मामांना तिचा पत्ता नव्हता, आणि मी मनात म्हणायचे, बरं झालं.

मग एक दिवस डोळ्यांचे डॉक्टर आले. आमच्याकडे डोळ्यांच्या डॉक्टरांचं काय काम? नीटनेटका, पन्नाशीचा माणूस, रुमालात काहीतरी गुंडाळून आणलेलं. त्यांनी टेबलावर रुमाल सोडला. आत गुलाबी रंगाचा एक तुकडा.

“मी एक जुनी गाडी विकत घेतलीय,” ते म्हणाले. “बॉडी सोलताना आतून हे निघालं. कुणालाच कळेना काय आहे. शेवटी माझ्या एका दातांच्या डॉक्टर मित्राला दाखवलं. तो म्हणाला, ही तर कवळी आहे! आणि गावात अशी पक्की कवळी करणारा माणूस एकच.”

मामांनी तो तुकडा हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले. माझ्या आजीच्या अंत्यविधीला हा माणूस कोरडा होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या दिवसापासून आमच्या कामाचा बट्ट्याबोळ झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मामांना आपल्या मंडळात नेलं. हलक्या विलायती गाड्यांच्या मालकांचं हे मंडळ. एक टायरवाला त्याचा अध्यक्ष. बाकीचे निवृत्त मॅनेजर, एक-दोन वकील, एक लाकडाचा व्यापारी. सगळे चामड्याचे हातमोजे घालून यायचे, आणि निम्म्यांच्या गाड्या ट्रकवर लादून यायच्या. वर्षातून एकदा मोठा मेळावा, एका हॉटेलच्या मागच्या हिरवळीवर. गाड्या ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या खाली तेल गळू नये म्हणून एकेक ट्रे. एकाची गाडी गळत नव्हती तर बाकीच्यांनी त्याला टोमणे मारले, “आत तेल आहे ना?”

दुपारी आठवणींचा कार्यक्रम. एकेकानं माइकवर यायचं आणि आपल्या गाडीची आठवण सांगायची. मामांमुळे मला तीन मेळावे बसून ऐकावे लागले, आणि मी छातीवर हात ठेवून सांगते, ती सगळी एकच आठवण असते. आम्ही निघालो. गाडी बंद पडली. पाऊस आला, टप बसेना. कुणीतरी धक्का दिला. भिजलो, गारठलो, उशिरा पोचलो. “पण काय मजा आली!” टाळ्या. पुढचा.

धक्का कुणी दिला, हे विचारायचं नसतं. बायकोनं दिला, मेहुण्यानं दिला, रस्त्यानं जाणाऱ्या दूधवाल्यानं दिला. ढकलणाऱ्यांचं मंडळ मी तरी कुठे ऐकलेलं नाही. त्यांना मेळावा नको असतो. त्यांना कंबरेला शेक हवा असतो.

मामा त्या मंडळात हिरो झाले. कवळीचं मिश्रण गाडीला लावणारा माणूस, आणि वर ही दवाखान्याची गोष्ट. पहिल्या वर्षी गोष्टीत एक पोलीस आला. त्यानं रस्ता मोकळा करून सॅल्यूट ठोकला. दुसऱ्या वर्षी रेल्वेचं फाटक आलं आणि पीसचा आवाज ऐकून फाटकवाल्यानं ते वर घेतलं. आमच्या घरापासून दवाखान्यापर्यंत रेल्वे नाही. घाटसुद्धा नाही. रस्ता पोळपाटासारखा सपाट आहे.

तिसऱ्या मेळाव्याला मामेबहीण सुट्टीवर आली होती. ती म्हणाली, “या वेळी सगळे जाऊ. आई, तूही चल. तुझी गोष्ट आणि तूच नाहीस, हे काय?”

मामीला जायचं नव्हतं. पण मुलीनं तिची चांगली साडी काढली, केस बांधून दिले, आणि आम्ही चौघं टॅक्सीनं गेलो.

हिरवळीवर पीस उभी होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला नवी करून टाकली होती. रंग, चाकांच्या तारा, सीटचं कातडं, सगळं. खरं सांगायचं तर छान दिसत होती. मामांनी आधी तिच्याभोवती एक चक्कर मारली, मग बसायला गेले. एक पाय आत गेला. दुसरा गुडघ्यात वाकेना. एक पाय आत, एक बाहेर, बूड हवेत, असे ते अडकले, आणि अध्यक्षांनी आणि मी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना बाहेर ओढलं. “सीट बदललीय,” मामा म्हणाले. “पूर्वी उंच होती.”

मामी लांब एका खुर्चीवर बसून बिस्किट खात होती.

आठवणींना सुरुवात झाली. लाकडाच्या व्यापाऱ्याचं झालं, एका वकिलाचं झालं, आणि अध्यक्षांनी मामांना बोलावलं. “आता ज्या आठवणीसाठी आपण थांबलोय ती,” ते म्हणाले, “आणि आज ती लेक स्वतः इथे हजर आहे!” टाळ्या. बहिणीनं उभं राहून नमस्कार केला.

मामांनी धुक्यापासून सुरुवात केली. पोलीस आला, फाटक आलं. मंडळी रंगली होती. मग मामांना काय सुचलं कुणास ठाऊक, आवाज खाली आणून म्हणाले, “ही शेजारी बसून नुसती रडत होती. घाबरली होती हो. पोरगी ती, काय वय! म्हणत होती, मी मरते, मी मरते. मी एक हात स्टिअरिंगवर ठेवला, एक हिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, रडू नकोस वेडे. पीस आहे ना.”

मामीनं बिस्किट बशीत ठेवलं.

ती उठली तेव्हा मला वाटलं, हात धुवायला चालली असेल. पण ती सरळ माइकपाशी गेली. मामा अजून बोलत होते. ती त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, जरा थांबा.”

अध्यक्ष खुशीत आले. “वा, वहिनी! या, या. दोन शब्द!”

मामीनं माइक हातात घेतला नाही. वाकून त्याच्यात बोलली, फोनवर बोलावं तशी. “मी रडले नव्हते,” ती म्हणाली. “मी त्या गाडीत बसलेच नव्हते. गाडी चालू झाली नाही. मी बेकरीच्या व्हॅनमधून गेले. पावांच्या ट्रेंमध्ये बसून. रडत हे होते, बॉनेटमध्ये डोकं घालून. मला रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.”

मग पहिल्या ओळीतला वकील मोठ्यानं हसला, आणि सगळी हिरवळ हसायला लागली. लोकांनी मांड्यांवर हात मारले. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी. “बेकरीची व्हॅन! वहिनी, काय टायमिंग आहे तुमचं!” त्यांनी मामांसाठी आणलेला गुच्छ मामीच्या हातात दिला.

म्हणजे त्यांना वाटलं, नवराबायकोनं मिळून बसवलेला विनोद आहे. एक बाई आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत उभी राहून म्हणते, माझ्याबद्दल खोटं बोलू नका, आणि या हातमोजेवाल्यांनी तिला पुष्पगुच्छ दिला! मला तो माइक उचलून एकेकाच्या बॉनेटवर आपटावासा वाटला.

माझ्याखेरीज हसले नाहीत ते तिघंच. मामा, मामी आणि बहीण.

मामा माइकपासून निघाले आणि हॉटेलच्या मागच्या बाजूला गेले, जिथे हात धुवायची बेसिनं होती. बहीण त्यांच्या मागे गेली. मी तिच्या मागे गेले; बोलावलं नव्हतं, तरी गेले.

मामा नळ सोडून हात धूत होते. हाताला काही लागलेलं नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली, “आई म्हणाली ते खरं?”

“मला घरी जाऊ दे आधी.”

“खरं आहे का एवढंच सांगा.”

“हो.”

“मी झाले तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“तिथेच. फाटकापाशी.”

“संध्याकाळपर्यंत?”

मामांनी नळ बंद केला, परत सोडला. “मला वाटलं, होईल सुरू,” ते म्हणाले.

“दवाखाना चालत जाण्यासारखा आहे, बाबा.”

“माहितेय मला.” आरशाकडे न बघता त्यांनी नळ बंद केला. मग म्हणाले, “तिथे जाऊन मी काय करणार होतो? तिथलं मला काही कळत नव्हतं. हिचा चेहरा पाहवत नव्हता. बॉनेटमध्ये निदान कुठे बघायचं ते तरी माहीत होतं.”

बहिणीनं आपल्या पर्समधून रुमाल काढून त्यांना दिला, पण हातात नाही दिला, बेसिनच्या कडेवर ठेवला, आणि निघून आली. हे ऐकून मला त्यांची दया यायला हवी होती, असं पुढे बहीण म्हणाली. आली, थोडी. फार नाही. भीती तर मामीलाही वाटली असेल. तिला कुठे डोकं घालायला बॉनेट होतं?

आम्ही बाहेर आलो तर मामी जागेवर नाही. शोधलं, तर ती डोळ्यांच्या डॉक्टरांशेजारी पीसमध्ये बसलेली! गुच्छ मांडीवर, मोठी पर्स पायाशी. डॉक्टरांनी चक्कर मारायला येता का विचारलं आणि ही हो म्हणाली. गाडी एका झटक्यात सुरू झाली, हिरवळीवरून रस्त्याला लागली आणि वळणावर दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा बहिणीनं बांधून दिलेल्या मामीच्या केसांचा पार झाडू झाला होता.

“कशी आहे?” बहिणीनं विचारलं.

“बसायला बरी आहे,” मामी म्हणाली. “चालली असती तर तेव्हाही बरी वाटली असती.”

घरी जाताना टॅक्सीत मामा पुढे बसले.

दुसऱ्या दिवशी बहिणीनं विचारलं, “बेकरीवाले आहेत अजून?” होते. बेकरी आता पुतण्या चालवत होता, व्हॅन केव्हाच मोडीत गेली होती, आणि ते स्वतः दुकानामागच्या खोलीत खाटेवर बसून असायचे. बहीण म्हणाली, मला त्यांना भेटायचंय. मामी म्हणाली, मीही येते. मामा चपला घालायला लागले, तेव्हा आम्ही सगळ्याच त्यांच्याकडे बघत राहिलो.

“इतक्या वर्षांत एकदा तरी त्यांना भेटलात का हो?” मामीनं विचारलं.

“पाव आणायला जायचो की.”

“आभार मानलेत?”

मामा दुसरी चप्पल शोधत राहिले.

खोलीत पिठाचा वास होता. बेकरीवाल्यांना कमी ऐकू यायचं आणि तोंडात एकही दात नव्हता. बहिणीनं त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, मी ती मुलगी. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“बरी झालीस की,” ते म्हणाले.

तिनं विचारलं, त्या दिवसाचं काय आठवतं? ती बिचारी फार अपेक्षेनं बसली होती. धुकं गेलं तर निदान दुसरं काहीतरी हातात घेऊन जावं. बेकरीवाल्यांनी डोकं खाजवलं. “तुझी आई गप्प होती. पाव गरम होते, म्हणून मी तिला म्हटलं, टेकून बस, पाठीला बरं वाटेल. बाकी काय? त्या दिवशी पाव द्यायला उशीर झाला, हॉटेलवाला ओरडला.”

“आणि व्हॅन?” मामांनी विचारलं. राहवलं नाही त्यांना. “कोणती होती?”

“पांढरी,” बेकरीवाले म्हणाले. “सुरू व्हायची.”

मग मामांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मी ते बघणं ओळखते, कामाचं बघणं. “दात कधीपासून नाहीत?” त्यांनी विचारलं. बेकरीवाले म्हणाले, बरेच दिवस झाले, पण पावाला दात कशाला लागतात? मामा म्हणाले, मी करून देतो.

आभार शब्दांत मानणं त्या माणसाला जमलं नाही. कवळी मात्र त्यांनी केली. ओळखीच्या डॉक्टरांना खोलीवर नेऊन माप घेतलं, दातांचा रंग तीनदा बदलला, मला मेणाला हातसुद्धा लावू दिला नाही. इतकं सुबक काम मी त्यांच्या हातून क्वचित पाहिलं. बेकरीवाल्यांनी ती घातली, तोंड वाकडं केलं, काढली आणि म्हणाले, “टोचते.”

मामांनी घासून दिली. परत टोचली. दर रविवारी मामा कवळी घासायची छोटी मशीन पिशवीत घालून बेकरीच्या मागच्या खोलीत जाऊ लागले. मंडळाच्या बैठकाही रविवारीच असतात. अध्यक्ष दोनदा घरी येऊन गेले. म्हणाले, लोक बेकरीच्या व्हॅनचा किस्सा मागतायत, दोघांनी जोडीनं या. मामीनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं, आम्ही तमाशा करत नाही. बहीण आपल्या शहरात परत गेली. तिचा वाढदिवस येऊन गेला. फोन आला, पण गोष्ट सांगा असं काही ती म्हणाली नाही, आणि मामांनीही काढली नाही.

तर मामा सुधारले, असं कुणाला वाटत असेल. मलाही जरा वाटायला लागलं होतं. म्हणून एका रविवारी प्लास्टर संपल्याचं निमित्त काढून मी बेकरीच्या मागे गेले. दार अर्धवट उघडं होतं. मामा खाटेच्या शेजारी स्टुलावर बसले होते. मशीन पिशवीतच होती. बेकरीवाले भिंतीला टेकून, डोळे मिटून. कवळी उशाशी पेल्यात. आणि मामा त्यांच्या कानाशी वाकून, हातवारे करत सांगत होते. दुसऱ्या कुठल्यातरी दिवसाची गोष्ट होती, मी न ऐकलेली. समुद्राकडचा रस्ता, टप उघडा, चढणीवर पीस अशी गुरगुरली म्हणता!

बेकरीवाल्यांनी एक डोळा उघडला.

“मग? पोचलात का?”

मामा थांबले. “नाही,” ते म्हणाले.

बेकरीवाल्यांनी डोळा मिटून घेतला. मी प्लास्टर न मागताच परत आले.